गोधडीच्या पोटात काय?

गोधडीविषयी आलेल्या बहुतेक पत्रांत एकच विचारणा आहे : तुकडे कसे मांडायचे, कोणत्या रंगाशेजारी कोणता घ्यायचा? रंगांचं तुमचं तुम्ही बघा. तुमच्या घरातलं कापड तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे. गोधडी फसते ती रंगांनी नाही. पोटात काय घातलं आणि दोरा कसा भरला, तिथे फसते. म्हणून खालच्या उत्तरांचा ओढा सगळा आतल्या बाजूला आहे. डिझाइनसाठी थांबलेल्यांनी रागावू नये.

शंका : माझं लेडीज टेलरिंगचं दुकान आहे. ब्लाउजची कातरण पोत्यात भरून ठेवत गेले, आता ठेवायला जागा नाही. खण, टू बाय टू, अस्तर, जॉर्जेट, ब्रोकेड सगळं एकत्र आहे. फेकवत नाही. याची गोधडी होईल का? सुरुवात कुठून करू? (सांगली)

उत्तर : होईल. पोतं सतरंजीवर उपडं करा आणि रंगांकडे अजिबात न बघता, डोळे मिटून म्हटलं तरी चालेल, हाताला लागेल तसे ढीग करा. मऊ सुती एकीकडे, जाड सुती दुसरीकडे, सुळसुळीत तिसरीकडे, टोचणारं चौथीकडे. तुम्ही शिंपीकाम करता, तुमच्या बोटांना नव्वद टक्के कापड कळेलच. उरलेल्याचे दोन-चार धागे चिमट्यात धरून जाळून बघा. शेजारी पाण्याचं भांडं ठेवा आणि हे मोरीत करा. सुती धागा कागदासारखा जळतो, त्याची राख बोटांत विरून जाते. पॉलिएस्टर आधी आक्रसतं, मग वितळतं आणि गार झाल्यावर टोकाला कडक मणी उरतो. केस जळल्यासारखा वास आला तर रेशीम किंवा लोकर. टेरीकॉटमध्ये दोन्ही लक्षणं दिसतात, त्याला सुळसुळीतातच टाका.

एवढी उठाठेव कशासाठी, तर सुती कापड धुतल्यावर आटतं आणि पॉलिएस्टर जवळपास आटत नाही. दोघं एका शिवणीत आली की पहिल्या दोन धुण्यांत सुती आत ओढलं जातं आणि शेजारचं कापड चुण्या पाडून बसतं. जॉर्जेटचं दुखणं वेगळं : त्याच्या कडेचे धागे निसटत राहतात, टाका कापडाला धरूनच राहत नाही. ते सगळं बाजूला काढा, झोपाळ्यावर टाकायला वेगळं काहीतरी करा. ब्रोकेड लोडाच्या अभ्र्याला. अंगावर घ्यायच्या गोधडीत फक्त सुती.

तुमच्या पोत्यातला सगळ्यात मोलाचा ढीग कोणता, सांगू? अस्तराचा. लोक खणाचे तुकडे वेचतील आणि पांढरं-बदामी अस्तर टाकून देतील. पण तेच पोटात घालायला उत्तम, कारण ते पातळ आहे, घाम शोषतं आणि सुईला अडत नाही. मात्र आत घालायचं म्हणजे चिंध्या कोंबायच्या असं नाही. तुकडे कडेला कडा लावून, एकावर एक न चढवता जोडून त्याची सलग चादर करा. आत कडा एकमेकींवर चढल्या की तिथे गाठोडं होतं, आणि ते निजणाऱ्याच्या बरगड्यांना बरोबर सापडतं.

आता वरची बाजू. साडेचार फूट बाय सात फूट गोधडीला सहा इंची चौकोन घेतले तर नऊ गुणिले चौदा, म्हणजे 126 चौकोन लागतील. दोन्ही बाजूंनी अर्धा इंच मार्जिन धरून चौकोन सात इंचांचा कापा. ब्लाउजच्या कातरणीत एवढे मोठे तुकडे थोडेच निघतात. बहुतेक बगलेचे आणि गळ्याचे, गोलाकार आणि उरेबमध्ये गेलेले. उरेब तुकडा ओढला की रबरासारखा ताणतो, दुसऱ्या तुकड्याला जोडला की लोंबतो. असे तुकडे एकमेकांना जोडू नका. जुन्या चादरीचा किंवा मांजरपाटाचा सात इंची चौकोन तळाला घ्या. त्यावर एक कातरण सुलट ठेवा, दुसरी तिच्यावर उलटी ठेवून कडेनं टीप मारा, उलगडून बोटानं दाबून बसवा, मग तिसरी. चौकोन भरला की कडा साफ करा. ताण सगळा तळाचं कापड घेतं, वरच्यांनी नुसतं मिरवायचं. दोन बोटांहून अरुंद राहिलेल्या चिंध्यांचा मात्र नाद सोडा.

शंका : चौकोन जोडून वरचा थर तयार केला, खाली जुन्या दोन चादरी घातल्या आणि सासूबाई घालायच्या तशा काठाकडून आत धावदोऱ्याच्या ओळी घालत गेले. मधोमध आल्यावर मोठा फुगा आला आहे. सगळं उसवू का? (नाशिक)

उत्तर : उसवू नका, आधी कारण ऐका. सासूबाईंचं चुकलं नव्हतं आणि तुमचंही फार चुकलेलं नाही. दोन वेगळ्या पद्धती एकमेकींत मिसळल्या, एवढंच. तुमच्या वर्णनावरून माझा कयास असा की सासूबाई वरचे तुकडे आधी जोडत नसाव्यात. खाली जुनेर पसरायचं आणि काठापासून एकेक तुकडा मांडत, त्याच्यावर दोरा भरत आत यायचं, ही जुनी रीत. त्यात कापड पुढे सरकलं तरी बिघडत नाही, कारण पुढचा तुकडा मांडताना तो सैलपणा त्याच्याखाली जिरतो. तुम्ही वरचा थर आधीच सलग शिवून घेतलात. दोरा भरताना प्रत्येक ओळ कापडाला केसभर पुढे ढकलते. चारही बाजूंनी ढकललेलं कापड जाणार कुठे? मध्यात येऊन बसलं.

वरचा थर तयार असेल तर सुरुवात मधूनच करायची. त्याआधीचा टाचणाचा अर्धा दिवस कुणाला नको असतो, पण गोधडी तिथेच ठरते. फरशी पुसून कोरडी करा. सगळ्यात खालचं कापड उलटी बाजू वर करून पसरा. ते वरच्या थरापेक्षा चहूबाजूंनी दोन इंच मोठं हवं. ताठ असावं, ताणलेलं नसावं. कोपऱ्यांवर वजन ठेवा, वरवंटा, डबे, काहीही. आतला प्रत्येक थर इस्त्री करून पसरा आणि तळहातानं मधून काठाकडे सारवल्यासारखा निपटत जा. वरचा थर शेवटी. मग लांब कच्चे टाके : आधी मधून वर, मधून खाली, मधून डावीकडे, मधून उजवीकडे, नंतर वीतभर अंतरानं आडवे-उभे. या दोऱ्याचा रंग वेगळा ठेवा, शेवटी ओढून काढायला सोपं जातं. गुडघे दुखत असतील तर दोन टेबलं जोडून करा. फरशीवरच बसलं पाहिजे असं काही शास्त्र नाही.

दोरा हातभरच घ्या. लांब दोरा गुंततो, शिवाय कापडातून शंभरदा ओढला गेल्यानं विरतो. त्याला मेणाच्या तुकड्यावरून एकदा ओढून घ्या. गाठ खाली दिसू नये म्हणून सुई ओळीच्या थोडी आधी खुपसा आणि हलका हिसका द्या. गाठ वरच्या कापडातून टक् करून आत जाते आणि थरांत अडकते. बोटात अंगुस्तान घाला, चार थरांतून सुई ढकलताना नखाखाली काय होतं ते एकदा कळलं की पुन्हा विसरणार नाही. टाका तांदळाच्या दाण्याएवढा, दोन ओळींत बोटभर अंतर. ओळ संपली की अंगठा ओळीवरून उलटा फिरवा. जिथे दोरा आवळला असेल तिथे कापड मोकळं होतं. या अंगठा फिरवण्याला माझ्याकडे शिकायला येणाऱ्या मुली हसतात, पण ज्यांनी तो टाळला त्यांच्या गोधड्या ओळखू येतात.

आता तुमचा फुगा. त्याच्याभोवतीच्या तीन-चार ओळीच काढा. जास्तीचं कापड एका बाजूला निपटून एक सरळ चुणी घाला, ती आडवी पाडून टाचा आणि तिच्यावर चौकोनी ठिगळ शिवा. मग ठिगळावरून दोरा भरा. दुसऱ्या कुठल्याशा कोपऱ्यातही तसंच एक ठिगळ लावा म्हणजे पाहणाऱ्याला ते मुद्दाम केलेलं वाटेल.

शंका : आई जाऊन वर्ष झालं. तिच्या साड्यांची चारही भावंडांना एकेक गोधडी करून द्यायची इच्छा आहे. कात्री लावायला हात धजत नाही. शिवाय घरातल्या वडीलधाऱ्यांच्या मते गेलेल्या माणसाचं वस्त्र असं अंगावर घेऊ नये. (लातूर)

उत्तर : वडीलधाऱ्यांच्या मताचा निवाडा मी करणार नाही. आईचं लुगडं गोधडीत घालणारी घरं मी पुष्कळ पाहिली आहेत, न घालणारीही पाहिली आहेत. तुमच्या घरात कुणाला खटकणार असेल तर त्या व्यक्तीला आधी विचारा, शिवून झाल्यावर नको.

कात्री मात्र टाळता येते. साडेपाच मीटरची साडी लांबीत तीन घड्या घातली की प्रत्येक घडी सहा फुटांची होते, रुंदी पावणेचार फुटांच्या आसपास. तीन थर आपोआप तयार, एकही काप नाही. अशी एक साडी लहान मुलाला किंवा दुपारच्या झोपेला पुरते. मोठ्या माणसासाठी दोन साड्या काठाला काठ लावून जोडा. तोडावंच लागलं तर सुती साडीला कडेला एक कात्रा द्या आणि हातानं फाडा. ती धाग्यात सरळ फाटते, कात्रीनं कापलेली वाकडी जाते.

साडी निवडताना उजेडासमोर धरा. गुडघ्यापाशी आणि बसायच्या जागी विरलेली असते, पदर बहुधा धड असतो. विरलेला भाग आत, पदर वर. फॉल काढून टाका, नाहीतर काठाशी उगाच एक जाड पट्टी राहते. पैठणीला हात लावू नका. जुनं रेशीम घडीच्या रेषेवर तुटतं, आणि गोधडी म्हणजे रोज घडी. ती मलमलच्या कापडात गुंडाळून ठेवा आणि वर्षातून दोनदा घडी बदला. आणि एक व्यवहाराचं : एका भावंडाला एक साडी अशी वाटणी करू नका. प्रत्येक गोधडीच्या वरच्या थरात सगळ्या साड्यांचा थोडा थोडा तुकडा येऊ द्या, त्यासाठी थोडं फाडावं लागलं तरी. नाहीतर "ती जांभळी इरकल तुलाच का" यावरून पुढची दहा वर्षं जातात.

शंका : मशीनवर शिवलेली गोधडी टिकत नाही हे खरं का? (ठाणे)

उत्तर : नाही. सोळा नंबरची सुई, लांब टाका आणि वरचा-खालचा ताण सारखा असेल तर चांगली टिकते. मशीनची टीप कापडाला घट्ट धरते म्हणून गोधडी जरा ताठ होते, हातच्या धावदोऱ्यात ती अंगावर पडते. तुकडे मशीनवर जोडा, दोरा हातानं भरा, असं मी बहुतेकांना सांगते.

शंका : इथे पॅचवर्कच्या मध्ये घालायला कापसाचा तयार थर मिळतो. तो घालावा का? आणि नवऱ्याच्या जुन्या जीन्स बऱ्याच साठल्या आहेत. (न्यू जर्सी)

उत्तर : तुमच्याकडच्या थंडीत घाला. फक्त तो थर घातलात की ती आपली गोधडी राहत नाही, रजईच्या जवळ जाते : ऊब कापसातल्या हवेमुळे येते आणि टाके तो कापूस जागेवर राहावा म्हणून असतात. त्याच्या पाकिटावर दोन ओळींत जास्तीत जास्त किती अंतर चालेल ते छापलेलं असतं, त्याच्या आतच राहा. आपल्या गोधडीत ऊब थरांची. आत चार सुती थर घालून एक बनवून बघा. घरात हीटर असेल तर तीही पुरेल.

जीन्ससाठी एक सांगायचं आहे. तुमच्याच देशात, अलाबामा राज्यात, जीज बेंड नावाची कृष्णवर्णीय शेतकरी कुटुंबांची वस्ती आहे. तिथल्या बायकांनी शेतात झिजलेल्या डेनिमच्या आणि कामाच्या कपड्यांच्या गोधड्या पिढ्यान् पिढ्या शिवल्या, घरात पांघरायला. 2002 मध्ये ह्यूस्टनच्या संग्रहालयात त्यांचं प्रदर्शन भरलं, मग न्यूयॉर्कच्या व्हिटनीमध्ये, आणि 2006 मध्ये अमेरिकेच्या टपाल खात्यानं त्यांच्यावर तिकिटंही काढली. गुडघ्याचा फिका पडलेला चौकोन आणि खिसा उसवल्यावर त्याच्याखाली राहिलेला गडद निळा, हा फरक त्यांनी लपवला नाही, तोच वापरला. त्या भागातल्या फ्रीडम क्विल्टिंग बी या सहकारी संस्थेला 1972 मध्ये सिअर्स कंपनीचं कॉर्डरॉयच्या उशांच्या अभ्र्यांचं काम मिळालं होतं. त्याची उरलेली कातरण घरोघरच्या गोधड्यांत गेली. सांगलीच्या ताईंनी हे वाचावं.

जीन्सच्या जाड शिवणी कापून टाका, त्या सुईला जुमानत नाहीत. जीन्स वर घेतलीत तर आत एकच पातळ थर ठेवा. नाहीतर वजन एवढं होईल की पांघरणारा कूस बदलू शकणार नाही. लवचीक, ताणणारी जीन्स घेऊच नका.

शंका : नोकरीनिमित्त हल्याळला राहतो. इथल्या सिद्दी बाईकडून घेतलेल्या गोधडीच्या चारही कोपऱ्यांत घडी घातलेल्या कापडाची छोटी त्रिकोणी टोकं आहेत. ती कशासाठी? (हल्याळ)

उत्तर : ती कवंदी. उत्तर कन्नड जिल्ह्यातल्या, आफ्रिकी वंशाच्या सिद्दी बायका ती शिवतात; त्यांचे बरेच पूर्वज पोर्तुगीजांच्या काळात गोव्यातून तिकडे गेले. त्या टोकांना 'फुला' म्हणतात, म्हणजे फुलं. ती नसतील तर कवंदी नागडी दिसते अशी त्यांची समजूत. उपयोगाचं म्हणाल तर काही नाही. नाशिकच्या पत्रात मी ज्या जुन्या रितीचं बोलले, काठापासून तुकडा मांडत आत यायचं, ती या बायकांच्या हातात आजही जशीच्या तशी आहे. तुमची कवंदी उलटी करून बघा : खाली सलग साडी आणि चौकोनी घेरांत आत आत गेलेल्या ओळी दिसतील. धुवायला टाकताना फुलांना धरून पिळू नका.

शंका : मुलीचं बाळंतपण तोंडावर आलं आहे. दुपटी शिवायची आहेत. नवं कापड आणू का? (चिपळूण)

उत्तर : जुनंच घ्या. धुऊन धुऊन मऊ झालेलं लुगडं किंवा धोतर बाळाच्या कातडीला नव्या खळीच्या कापडापेक्षा कितीतरी बरं. नवं घेतलंच तर खळ जाईपर्यंत धुवा. 36 इंच बाय 36 इंच, चार थर, बस्स. टिकल्या, जर, बटण, लोंबणारी लेस काही नको. टाके बारीक ठेवा म्हणजे बोटं अडकणार नाहीत. दुपटं बाळाला घ्यायला, खाली घालायला. झोपलेल्या तान्ह्या बाळावर सैल पांघरूण टाकू नये असं बालरोगतज्ज्ञ सांगतात, हौसेपोटी ते विसरू नका.

शंका : आमच्या बचत गटाला हाताने शिवलेल्या गोधड्या विकायच्या आहेत. किंमत कशी लावावी? एक बाई म्हणते, कापड फुकटचं आहे, जास्त कसं मागायचं? (अहिल्यानगर जिल्हा)

उत्तर : त्या बाईंना गणित दाखवा. पाच बाय सात फुटांच्या गोधडीत अर्ध्या इंचावर ओळी घातल्या तर 120 ओळी होतात. प्रत्येक ओळ सात फुटांची, म्हणजे 840 फूट, अडीचशे मीटरच्या वर नुसता धावदोरा. इंचाला चार टाके धरले तर चाळीस हजारांहून जास्त टाके. यात निवडणं, धुणं, इस्त्री, जोडणं, टाचणं काहीच आलं नाही. तुमच्यातल्या मध्यम वेगाच्या बाईला घड्याळ लावून दहा ओळी घालू द्या, त्यावरून एकूण तास काढा. तासाला शेतावरच्या रोजंदारीच्या हिशेबानं पैसे धरा, दोऱ्याचा आणि गोटाच्या कापडाचा खर्च मिळवा, आणि मग कापड फुकट की विकत ते बोला. आकडा मोठा येईल. एवढे पैसे देणारं गिऱ्हाईक मिळत नसेल तर ओळींतलं अंतर वाढवा, आकार लहान करा, मजुरी कापू नका. गावच्या बाजारात विकायला दुपटी आणि आसनं काढा, मोठ्या गोधड्या मागणीवर शिवा.

शंका : लाल रंग जातो. मिठाच्या पाण्यात भिजवून पक्का होईल? आणि घट बसायच्या आधी घरातल्या सगळ्या गोधड्या धुवायच्या असतात, त्या वाळवू कशा? (सातारा)

उत्तर : मिठानं आजकालचा कच्चा रंग पक्का होत नाही. लाल, गर्द निळा, काळा यांचा तुकडा शिवण्यापूर्वीच ओला करून पांढऱ्या कापडात दाबून बघा. दोन-तीन धुण्यांनंतरही डाग पडत असेल तर तो तुकडा बाजूला. शिवून झालेली असेल तर गार पाण्यात, एकटी धुवा आणि भिजत ठेवू नका.

पिळायची नाही, पायानं दाबून पाणी काढायचं. ओली गोधडी एका दोरीवर एका काठानं टांगली की सगळं वजन वरच्या ओळीवर येतं आणि टाके तुटतात. दोन दोऱ्यांवर पसरा किंवा गच्चीच्या कठड्यावर घाला. दुपारी उलटा. घटस्थापनेच्या सुमारास पाऊस पुरता गेलेला नसतो, तेव्हा सगळ्या एका दिवशी भिजवू नका, ऊन बघून दोन दोन काढा. आतले थर ओले राहिले तर वरून कोरडी लागते आणि आठवड्यात कुबट वास येतो. मधोमध चिमटीत धरून आतला थर चाचपा. गार लागला तर अजून एक दिवस ऊन.

शंका : आजीची गोधडी वरून पार फाटली आहे, आत मात्र धड आहे. टाकून द्यावी का? (इंदूर)

उत्तर : अजिबात नाही. ती धुऊन कडक उन्हात दोन दिवस टाका, शिवणींत ढेकूण नाहीत ना ते बघा. लोंबणाऱ्या चिंध्या कापा, सुटलेले दोरे तिथेच गाठी मारून बंद करा. मग वरून एक आणि खालून एक, अशा दोन जुन्या सुती साड्या लावा, मधून काठाकडे टाचा आणि ओळी थोड्या विरळ ठेवून दोरा भरा. थर आता बरेच झाले आहेत, तेव्हा लांब, मजबूत सुई घ्या. दाभण नको, त्यानं भोकं पडतात.